मदत हवी आहे: रात्रीच्या घाबरेपणासाठी बायबलमधली वचनं (फिलिप्पै ४:६ सोडून)

रात्रजागी
घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. रात्री अडीच-तीनला अचानक जाग येते, छातीत धडधड, हातपाय गार, आता काहीतरी होणार असं वाटत राहतं. मग सकाळपर्यंत झोप नाही. अशा वेळी मोठ्याने वाचता येतील अशी वचनं हवी आहेत. मराठीत आणि छोटी. फिलिप्पै ४:६ ('कशाचीही चिंता करू नका'), मत्तय ६ मधली पाखरं आणि फुलं, १ पेत्र ५:७ ही तिन्ही तोंडपाठ आहेत, ती सांगू नका. त्यांनी उलट जास्त त्रास होतोय. गूगल केलं की तीच तीन येतात, गुलाबाच्या फोटोवर.
आज रात्रीच्या आत सांगितलंत तर बरं.

चाफेकळी_वसई
बाय, घाबरू नको. स्तोत्र २३ म्हण, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे'. आणि ९१. मी तर उशाला रोझरी ठेवते, जाग आली की मणी ओढायला लागते, पाचव्या दशकाच्या (दहा-दहा मण्यांच्या पाचव्या गटाच्या) आत डोळा लागतो. माहीमच्या चर्चमध्ये बुधवारचा नोव्हेना (नऊ वेळा करायची प्रार्थना) कर. १९४८ पासून चाललाय तो, उगाच एवढी गर्दी होत नाही. नऊ बुधवार धर. एकदा गेलीस की तुलाच कळेल.

नर्सताई
हे नक्की कोणाला होतंय? तुम्हाला की घरात कोणाला? वय काय? कधीपासून? डॉक्टरांना दाखवलं का? वचनं मिळतील हो, पण धडधड आणि हातपाय गार हे वाचून मी पुढे जाऊ शकत नाही.

निरीश्वर
पुस्तकातलं वाक्य वाचून मेंदूतलं रसायन बदलत नाही. गोराईला पॅगोडा आहे, तिथे विपश्यनेचा दहा दिवसांचा कोर्स करा. श्वासाकडे बघायला शिका. देव लागत नाही, फी लागत नाही. मी केलाय.

रात्रजागी
आईला होतंय, अजून कोणाला! वय ६७. ईसीजी काढला, नॉर्मल आहे. फॅमिली डॉक्टर म्हणाले वयामुळे होतं. आम्ही प्रोटेस्टंट, त्यामुळे चाफेकळी, रोझरी नाही जमणार, पण धन्यवाद. निरीश्वर, ६७ वर्षांच्या गुडघेदुखीवाल्या बाईला दहा दिवस मांडी घालून बसवू? वचनं सांगा ना कोणीतरी.

निरीश्वर
खुर्ची देतात.

टाकाऊ_अभियंता
@निरीश्वर, धाग्याचं नाव वाचलंत का? तिने विपश्यना विचारलेलीच नाही. शिवाय ज्याला आधीच घबराटीचे झटके येतात त्याला दहा दिवस मौनात बसवायच्या आधी डॉक्टरांशी बोलावं लागतं. तुम्हाला मानवलं म्हणून सगळ्यांना मानवेल असं नाही.

प्रभूचा_दास
जय ख्रिस्त. ताई, भीती देवाकडून नसते. आईंना स्पष्ट विचारा, विश्वास कुठे ढिला पडला? चिंता करू नका ही आज्ञा आहे, सल्ला नव्हे. तीन दिवस उपवास करून प्रार्थना करा. गोळ्यांच्या नादी लागू नका, गोळी घेणं म्हणजे प्रभूवर अविश्वास. आईंचा नंबर द्या, आमच्या सभेतल्या बहिणी फोनवर प्रार्थना करतील.

नर्सताई
दास साहेब, जय ख्रिस्त. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. प्रेषित पौल त्याला 'प्रिय वैद्य' म्हणतो, कलस्सै ४:१४. आपला साथीदार तीमथ्य याच्या पोटाच्या दुखण्यावर पौलाने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला, उपवास नाही सांगितला. आणि ६७ वर्षांच्या बाईला तीन दिवस उपाशी ठेवायचं? बीपीची गोळी चालू असेल तर चक्कर येऊन पडतील.
ताई, दुसऱ्या कोणत्या गोळ्या चालू आहेत त्यांना?

रात्रजागी
नेमकं हेच झालंय! एका प्रार्थना सभेत कोणीतरी तिला असंच 'विश्वास कमी पडतोय' म्हणालं. तेव्हापासून ती रात्री उठते आणि आम्हाला उठवतच नाही, स्वयंपाकघरात अंधारात बसून राहते. तीस वर्षं संडे स्कूलमध्ये शिकवलंय तिने, सगळी वचनं तिला येतात. 'चिंता करू नका' वाचलं की म्हणते, बघ, एवढं साधं मला पाळता येत नाही. म्हणून वेगळं काहीतरी हवंय. त्यात आज्ञा नको.
गोळ्या: बीपीची आणि थायरॉइडची.

पाळकाचा_पोरगा
आता प्रश्न कळला. आधीच सांगितलं असतंत तर एवढे प्रतिसाद लागलेच नसते.
माझ्या मते आईंना दिलासा देणारी नाही, सोबत करणारी वचनं लागतील. अशी भरपूर आहेत, फक्त ती गुलाबाच्या फोटोवर छापत नाहीत. स्तोत्र ४२ घ्या, 'हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?' इथे माणूस स्वतःशीच बोलतोय आणि त्याला लगेच उत्तरही मिळत नाही, तोच प्रश्न तो पुन्हा विचारतो. स्तोत्र ७७ मध्ये तर तो देवालाच म्हणतो की तू माझ्या पापण्या मिटू देत नाहीस. रात्री तीनला याहून चपखल काय असणार?
दुसरं, १ राजे १९. एलीया संदेष्टा. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला माणूस, ईजबेल राणीच्या धमकीने जीव घेऊन पळतो आणि रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत येतो तो वचन सांगत नाही, विश्वास कुठे गेला असंही विचारत नाही. ऊठ, खा, एवढंच म्हणतो. निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचं भांडं. तो खातो, परत झोपतो. परत उठवून खायला घालतो. देवाचं बोलणं होरेब डोंगरावर पोचल्यावर, खूप नंतर. आईंनी हा धडा मुलांना शिकवला असेल नक्की, पण कर्मेलवर देवाने पाडलेला अग्नी शिकवला असेल, झुडूप नाही. आमच्याकडेही तसंच होतं.
तिसरं, मार्क १४. गेथशेमाने बागेत, अटकेच्या रात्री, येशू शिष्यांना सांगतो की माझा जीव मरणप्राय खिन्न झालाय, जागे राहा. आता त्याचा विश्वास कमी होता असं प्रभूचा_दास म्हणणार आहेत का?
आणि फिलिप्पैकरांचं जे पत्र आईंना टोचतंय ते पौलाने बेड्यांत असताना लिहिलंय. तोच पौल २ करिंथ ११:२८ मध्ये सरळ सांगतो की सगळ्या मंडळ्यांची (चर्चची) चिंता रोज माझ्यावर दडपण आणते. फिलिप्पैमध्येच दुसऱ्या अध्यायात सोबती एपफ्रदीत मरता मरता वाचला तेव्हा पौलाचा जीव किती खालीवर झाला होता ते आहे. हे दोन्ही आईंना शेजारी शेजारी वाचून दाखवा. चौथा अध्याय मग वेगळा वाटेल.

चाफेकळी_वसई
७७ वगैरे ठीक आहे, पण रात्री असलं रडकं कशाला वाचायचं? मन आणखी खाली जाईल. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं. आमचे फादर म्हणायचे, रात्री स्तुतीचंच म्हणा.

पाळकाचा_पोरगा
८८ रात्री एकटीने नको, हे मान्य. दिवसा, कोणीतरी बरोबर असताना. पण ते बायबलमध्ये आहे आणि कोणी कापून टाकलेलं नाही, हे माहीत असणं सुद्धा काहींना पुरतं. माझ्या वडिलांना पुरायचं.

भायखळा_जुना
चर्चा वाचून आनंद झाला. मराठी ख्रिस्ती माणसाने दुःखात वचनाइतकीच पदं म्हटली आहेत हे कोणी लिहिलं नाही. रेव्ह. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईतच झाला, १८९५ साली. त्यांची भजनं अभंगाच्या वळणाची आहेत, त्यामुळे टाळ्यांवर, हळू आवाजात, अंथरुणात पडल्या पडल्याही म्हणता येतात. आमच्या आजी दळताना म्हणत. हल्ली उपासनेत गिटार आणि ड्रम आले, स्क्रीनवर शब्द येतात, पुस्तक कोणी हातात धरत नाही. असो.
आपली चर्चची मंडळी कोणती?

टाकाऊ_अभियंता
काका, अवांतर.

रात्रजागी
अवांतर नाही, बरोबर विचारलं काकांनी. आम्ही भायखळ्याचेच. चाळ पुनर्विकासाला गेली, आता भाड्याने दहिसरला. इथे आईचं ओळखीचं कोणी नाही. दर रविवारी जायची ती आता क्वचित जाते, दादरला बदलून पूल चढणं होत नाही. रविवारी रेल्वेचा ब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद) असला की विषयच संपला. महिला मंडळही सुटलं. हे कशाला लिहायचं म्हणून लिहिलं नव्हतं.

लोकलवीर
दहिसर ते भायखळा दादरला बदलायची गरजच नाही. बोरिवलीहून फास्ट पकडा, मुंबई सेंट्रलला उतरा, तिथून टॅक्सी, जवळ आहे. रविवारी सकाळी दहा मिनिटांचं काम.

टाकाऊ_अभियंता
मुंबई सेंट्रलला पूल काय उडून पार करायचा?

लोकलवीर
दादरइतकी गर्दी नसते रविवारी सकाळी. दादरच्या पुलावर धक्के खाण्यापेक्षा हळूहळू चढतील. मी आजोबांना न्यायचो.

नर्सताई
रेल्वेची चर्चा दुसऱ्या धाग्यावर करा. थायरॉइडची गोळी किती पॉवरची? डोस अलीकडे बदलला का?

रात्रजागी
पावसाळ्याच्या सुरुवातीला वाढवला. त्याचा काय संबंध?

नर्सताई
असू शकतो. थायरॉक्सिन (थायरॉइडच्या गोळीतलं औषध) गरजेपेक्षा जास्त झालं की धडधड, झोप उडणं, घाम, हात थरथरणं, विनाकारण घबराट, असं सगळं होतं. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) परत बघतात. ते केलं का? नसेल तर उद्याच रक्त द्या, आणि रिपोर्ट घेऊन ज्यांनी डोस वाढवला त्यांच्याकडेच जा. गोळी मनाने बंद किंवा कमी करू नका. थायरॉइड नॉर्मल निघाला तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. केईएम किंवा नायर हॉस्पिटलला ओपीडी आहे, केस पेपर काढून बसावं लागतं, वेळ जातो, पण तपासतात नीट. टेलिमानस १४४१६ हा सरकारी फोन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. रात्री तीनलाही लागतो. छातीत दुखून डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, दम लागला, तर वचन नाही, फोन नाही, थेट कॅज्युअल्टी.
वचनाबद्दल एकच सांगते, वॉर्डात वापरलेलं. स्तोत्राची ओळ बहुतेक दोन तुकड्यांत असते. पहिला तुकडा म्हणायचा, श्वास सावकाश सोडायचा, मग दुसरा. आत घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. १२१ वर छान जमतं. आणि त्यात राखणारा डुलकीही घेत नाही असं आहे. तो जागा आहे, तर पहारा तुम्ही कशाला द्यायचा, असं मी माझ्या पेशंट आजींना म्हणायचे.

निरीश्वर
म्हणजे शेवटी श्वासच.

नर्सताई
हो दादा, श्वासच. भांडण कुठे आहे?

प्रभूचा_दास
मी आजारपणाबद्दल बोललो नव्हतो, आत्मिक गोष्टीबद्दल बोललो होतो. तरी उपवासाचं सामर्थ्य कमी लेखू नये. नंबर द्या, बहिणी थांबल्या आहेत.

अक्षरप्रेमी
बायबल मोठ्या अक्षरातलं घ्या, जुन्या प्रतींचा टाइप बारीक असतो, रात्री डोळ्यांना त्रास. भाषा जड वाटली तर फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल बघा, साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार आहे त्याला.

रात्रजागी
चष्म्याचा प्रश्न नाही, तिला पाठ आहे सगळं. असो, धन्यवाद.
अपडेट: टीएसएचसाठी रक्त दिलं, रिपोर्ट उद्या संध्याकाळी. काल तीनला ती उठल्याचं मला कळलं कारण मी हॉलमध्येच झोपले होते. एलीयाचं वाचून दाखवलं. म्हणाली, त्याला निदान आयती भाकर मिळाली, मला चहा तरी कर. चहा केला (दुधाचा, थोडा, नर्सताई ओरडू नका). मग १२१ तिनेच म्हटलं, मला पुस्तक उघडू दिलं नाही. झोप फार नाही लागली, पण अंधारात बसली नाही. करिंथचं ११:२८ दिवसा दाखवलं तर पेन्सिलने खूण करून ठेवली आणि म्हणाली, हे मी शिकवायला हवं होतं.

भायखळा_जुना
महिला मंडळाची बैठक महिन्यातून एकदा आईंच्या घरी का ठेवत नाही? चौघी जणी दहिसरला येऊ शकतील, बोरिवली-कांदिवलीकडे गेलेली आपली माणसं पुष्कळ आहेत. पाळकांना (पास्टरना) कळवा. रविवारी उपासनेनंतर कोणालाही विचारा, नाव निघेल.

रात्रजागी
काका, हे डोक्यातच आलं नव्हतं. पाळकांना आज फोन करते. लोकलवीर, रिटर्न टॅक्सी भायखळ्याहून रविवारी दुपारी मिळते का? आणि प्रभूचा_दास, नंबर देणार नाही.