मदत हवी आहे: अरुंद रस्त्याच्या चिन्हानंतर आधी कोणी जायचे?

नमस्कार. शिकाऊ परवाना मिळाला असून पक्क्या परवान्यासाठी सराव सुरू आहे. लाल किनारीच्या पांढऱ्या त्रिकोणात दोन काळ्या रेषा वर जाताना एकमेकींजवळ आल्या की पुढे रस्ता अरुंद, वर फाकल्या की रुंद आणि मध्यभागी आत वळून टोकांना बाहेर गेल्या की अरुंद पूल, एवढे समजले आहे. चाचणीपुरते ते पुरेसे असावे.

अडचण प्रत्यक्ष रस्त्यावरची आहे. घाटात जागा अपुरी असल्यास उतरणाऱ्या वाहनाने बाजूला थांबून चढणाऱ्याला वाट द्यावी, हा नियम स्पष्ट आहे. परंतु कोकणातील सपाट रस्त्यावर, जेमतेम एक गाडी मावेल अशा जुन्या पुलापाशी समोरून एसटी येत असेल, तर आधी कोणी जायचे? तेथे बहुतेक जण दुरूनच डिपर मारून, म्हणजे हेडलाइट क्षणभर चमकवून, आपला हक्क सांगतात आणि समोरचाही नेमके तेच करतो, त्यामुळे त्या इशाऱ्याचा अर्थ ‘या’ समजावा की ‘थांबा’, हे नवख्याला कळत नाही.

शिवाय त्रिकोण दिसताच दुसऱ्या गिअरवर यावे की मागच्या वाहनाचा अंदाज घेऊन टप्प्याटप्प्याने वेग कमी करावा? अशा रस्त्यांवर नियमित गाडी चालवणाऱ्यांनी, शक्यतो नियमाच्या आधारासह, कृपया मार्गदर्शन करावे.