'टिपिंग पॉइंट'ला कडेलोट म्हणावे का?

हवामानबदलावरच्या एका लेखाचा अनुवाद करतोय. 'टिपिंग पॉइंट' त्यात 11 वेळा आलाय आणि माझे 4 शब्द लिहून खोडून झाले: निर्णायक वळण, कलाटणी, परमोच्च बिंदू, उंबरठा. अडलोय ते ग्रीनलँडच्या वाक्याशी. तिथला हिमथर काही ठिकाणी 3 किलोमीटर जाड आहे. तो वितळून बुटका झाला की त्याचा माथा खालच्या, जास्त उबदार हवेत येतो, म्हणून आणखी वितळतो, आणखी खाली येतो. एका मर्यादेनंतर हे आपले आपण चालू राहते, तापमानवाढ थांबली तरी. याला 'वळण' कसे म्हणणार? वळणावरून माणूस मागे येऊ शकतो.

—

'परमोच्च बिंदू' आधी काढा, तो नाटकाच्या तिसऱ्या अंकातला. सरळ 'कडेलोट बिंदू' लिहा. संयमाचा कडेलोट आपण रोज म्हणतोच, आणि टकमक टोकावरून खाली गेलेला परत वर येत नाही. तुम्हाला हवा तोच अर्थ.

—

पण कडेलोट ही शिक्षा आहे. त्यात कोणीतरी लोटावे लागते, आणि जोर लावून. इथे खुबी अशी की शेवटचा धक्का अगदी किरकोळ असतो.

मूळ वापर बघा. 1957 मध्ये मॉर्टन ग्रॉडझिन्स या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाने तो शहरांतल्या वस्त्यांबद्दल केला. गोऱ्यांच्या वस्तीत कृष्णवर्णीय कुटुंबे येऊ लागली की काही काळ फारसे काही घडत नसे. एक प्रमाण ओलांडले की उरलेली गोरी कुटुंबे भराभर घरे विकून निघत. पुढे थॉमस शेलिंग या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने पटावर दोन गटांची म्हणून दोन प्रकारची नाणी मांडून दाखवले की यासाठी कोणी कट्टर द्वेष्टे असण्याचीही गरज नाही. 'शेजारी थोडे तरी आपल्यासारखे असावेत' एवढ्या सौम्य इच्छेनेही पट दुभंगतो. इथे कोणी कोणाला कड्यावरून लोटले नाही. पारडे फिरले. मला तर 'कलंडणे' आवडते. घागर आधी कलते आणि मग कलंडते. 'कलणे' आणि 'कलंडणे' यांच्या मधली जी जागा, तीच ही. कलंडबिंदू.

—

जेवण झाल्यावर मीही रोज कलंडतो आणि चहाला उठतो :)

—

हसू नका, मुद्दा तोच आहे. परत येता येते की नाही? स्वयंपाकघरात दोन्ही प्रकार सापडतात. पाक एकतारीचा गोळीबंद झाला तर पाणी घालून खाली आणता येतो. पनीर करताना मात्र गरम दुधात लिंबू पिळत गेले तर आधी काही दिसत नाही, आणि मग दोनचार थेंबांत चोथा वेगळा, पाणी वेगळे. नंतर काहीही घाला, त्याचे दूध होत नाही. तुमचे ग्रीनलँड म्हणजे नासलेले दूध. 'नासबिंदू' लिहा असे मात्र मी सुचवणार नाही.

—

भौतिकशास्त्रातला 'क्रांतिक' (इंग्रजीत 'क्रिटिकल') अजून कोणी काढला नाही म्हणून लिहितो: तो इथे नको. 2 डिसेंबर 1942 ला शिकागोतल्या अणुभट्टीत पहिली साखळी अभिक्रिया स्वतःच्या बळावर चालली ती अवस्था क्रांतिक, पण कॅडमियमच्या कांड्या आत सरकवल्यावर ती थांबली. म्हणजे पाकाच्या बाजूची. साथरोगातला 'उंबरठा'ही तसाच, एका रोग्यामागे सरासरी एकाहून कमी नवे रोगी होऊ लागले की साथ ओसरते.

—

सर्वांचे आभार. एकच शब्द 11 ठिकाणी बसवायचा हट्ट सोडला. बर्फ आणि जंगलाच्या 8 वाक्यांत 'कडेलोट बिंदू' ठेवतोय. धक्का किरकोळ असतो हा आक्षेप मान्य, पण 'कलंडबिंदू' वाचून संपादक मलाच फोन करतील. विजेवरच्या गाड्यांच्या खपाबद्दल 2 वाक्ये आहेत, तिथे 'पारडे फिरणे'. उरलेल्या एका वाक्यात लेखकाने 'टिपिंग पॉइंट' नुसताच ठसक्यासाठी वापरलाय, तिथे 'कलाटणी' चालून जाईल.