मदत हवी आहे: राकसकोपकडून वैजनाथला चढणारी जुनी पायवाट

नमस्कार. मी बेळगावची, राहायला टिळकवाडीत, मूळ गाव बेळगुंदी. राकसकोप, तुडये, देवरवाडी या पट्ट्यात पायी फिरलेल्यांकडून एका वाटेची माहिती हवी आहे.

वैजनाथला, म्हणजे देवरवाडीच्या डोंगरावरच्या शंकराच्या देवळाला, आपण सगळे जातो ते वेंगुर्ला रस्त्यानं. हिंडलगा, बाची, शिनोळी, मग देवरवाडीकडं वळलं की गाडी पार देवळाजवळ पोचते. पण माझे बाबा लहानपणी महाशिवरात्रीला घरच्यांबरोबर चालत जायचे, आणि तेही दुसऱ्या अंगानं. बेळगुंदीहून राकसकोप, तिथून धरणाच्या कडेकडेनं डोंगराच्या पायथ्याला, आणि मग एका सोंडेवरून, म्हणजे माथ्यापासून खाली उतरत आलेल्या डोंगराच्या धारेवरून, सरळ वर. पहाटे निघून दर्शन, फराळ आणि संध्याकाळच्या आत परत घरी. पाच वर्षांचे असताना आजोबांच्या खांद्यावर, पुढं स्वतःच्या पायानं. सोंडेच्या मध्यावर एक मोठा आंबा आणि त्याच्याखाली बसायला चपटा दगड होता, तिथं सगळे थांबून पाणी पीत, एवढं ते अगदी ठामपणे सांगतात.

बाबा आता सहासष्टचे आहेत. डावा गुडघा दुखतो, पण डॉक्टरांनी चालायला हरकत नाही म्हटलंय, फक्त उतार जपून. दिवाळीपासून आम्ही दोघं तीनदा राजहंसगड चढलो, पायथ्यापासून, रस्ता सोडून. तिसऱ्या खेपेला वर पोचल्यावर पश्चिमेकडं बघत ते म्हणाले, "एकदा त्या वाटेनं वैजनाथाला जाऊन यायला पाहिजे होतं." माझ्या बाबांनी आजवर माझ्याकडं काही मागितलेलं मला आठवत नाही. येत्या महाशिवरात्रीच्या आत मला ही वाट शोधायचीच आहे.

दोन रविवारांपूर्वी मी आणि माझा मावसभाऊ बघायला जाऊन आलो. सातला राकसकोपहून निघालो. भात कापलेल्या शेतांतून पायथ्यापर्यंत काहीच अडचण आली नाही. पुढं चांगली मळलेली वाट लागली म्हणून खूश झालो, तर ती ढोरवाट निघाली. एकीच्या दोन, दोनाच्या चार. तिसऱ्या फाट्यावर आम्ही उजवीकडं गेलो ते एका कोरड्या ओहोळात उतरलो. त्याच्या पलीकडं डोक्याच्या वर वाढलेली रानमोडीची दाट झुडपं. हातानं बाजूला सारावी तर काड्या कटकट मोडतात, उग्र वास येतो, वरचा पांढरट फुलोरा केसांत आणि कॉलरमध्ये. त्यातून अर्ध्या तासात जेमतेम शंभर पावलं सरकलो असू. मोबाइलच्या नकाशात एक तुटक रेघ दिसत होती, ती तिथंच संपत होती. बारा वाजले की कुठंही असलो तरी मागं फिरायचं असं ठरवून निघालो होतो, पण साडेदहालाच फिरलो.

ही वाट अजून कुणी चालतं का? बंद झाली असेल तर तुडये किंवा हाजगोळीच्या बाजूनं एखादी चढते का? आणि काहीच नसलं तर निदान देवरवाडीकडून डांबरी वळणं टाळून जाणारी पायवाट तरी आहे का? वर पोचल्यावर महिपाळगडापर्यंत चालत जाणं बाबांना झेपेल का, हेही सांगा. चढाईचा विक्रम वगैरे काही करायचा नाही. त्यांना त्या आंब्याखाली बसवायचं आहे.

रानवाट

ताई, आधी नकाशा बदला. मोबाइलमधली ती तुटक रेघ कुणीतरी चालून किंवा उपग्रहाच्या फोटोवर बघून काढलेली असते, ती अर्धवटच असायची. सर्व्हे ऑफ इंडियाचे 1:50,000 प्रमाणाचे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात, त्यात पायवाटा वेगळ्या दाखवलेल्या असतात. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, कुठं दाटतात तेही बघा. रेषा एकमेकींना चिकटल्या की चढ खडा. शेकडो माणसं लेकरंबाळं घेऊन जायची ती वाट अशा जागेतून जाणार नाही, विरळ रेषांची सोंडच धरणार.

दुसरं म्हणजे उपग्रहाचे जुने फोटो बघा, आणि ते फेब्रुवारी-मार्चचेच. पावसाळ्यानंतर सगळं हिरवं एकसारखं दिसतं. गवत वाळलं की पायवाट फिकट रेघेसारखी उठून दिसते. दहा-पंधरा वर्षं मागं जाऊन तीच सोंड बघितलीत तर वाट कुठल्या साली झाकली गेली तेसुद्धा कळेल.

आणि पुढच्या वेळी वरून सुरुवात करा. गाडी देवळाजवळ लावा, माथ्यावरून सोंडा नीट दिसतात, धरणाचं पाणी समोर असतं, उतरत जा.

चंदगडचा

मी सीमेच्या अलीकडचा, म्हणजे तुमच्या दृष्टीनं पलीकडचा, चंदगड तालुक्यातला. या डोंगरावर लहानपणी म्हशी राखल्यात म्हणून लिहितो.

रानवाट यांचं नकाशाचं सांगणं बरोबर, पण वरून उतरत वाट शोधू नका. चढताना सोंडा एकमेकींना मिळत जातात, चुकलात तरी शेवटी माथ्यावरच पोचता. उतरताना एकीच्या दोन होतात आणि प्रत्येक फाट्यावर चुकायची सोय. चुकीच्या सोंडेवरून तासभर उतरलात की खाली ओहोळ नाहीतर कडा, आणि तेवढंच परत चढायचं. वर जाऊन नुसतं बघा, फोटो काढा, चाला मात्र खालून.

वाट का बुजली ते सांगतो. पूर्वी घरोघरी जनावरं होती, बायका मोळी आणायला डोंगरात जायच्या, तेवढ्या पायांनी वाट आपोआप राहायची. गॅस आला, म्हशी कमी झाल्या, पोरं शिनोळीच्या कारखान्यांत आणि बेळगावात कामाला लागली. चार-पाच पावसाळे कुणी फिरकलं नाही की रानमोडी मोकळी जागा धरते. जनावरं ती खात नाहीत, म्हणून आणखी माजते. खालच्या अंगाला काजूच्या बागा वाढल्या, त्यांना तारेचं कुंपण आलं. तुम्ही उजवीकडं वळलात तिथं सरळ जायला कुंपण आडवं आलं असणार, म्हणूनच वळला असाल.

ढोरवाट आणि माणसाची वाट ओळखायची खूण: ढोरवाट गवताला आणि पाण्याला जाते, आडवी पसरते, मध्येच विरते. माणसाची वाट चढ सांभाळत वळणं घेते, आणि मोक्याच्या वळणावर दगड बसवलेले दिसतात. पाचोळा पायानं सारून बघा, खाली बसवलेला दगड लागला तर वाट तीच.

आता पर्याय. थंडीत वणव्यासाठी वनखातं जाळरेषा काढतं, म्हणजे गवत कापून-जाळून पट्टा मोकळा करतं. बहुतेक ती सोंडेच्या धारेनंच जाते. रानमोडीतून घुसण्यापेक्षा धारेवर चढून जाळरेषा गाठा. गावातल्या वनरक्षकाला विचारलंत तर कुठून कुठवर काढलीय ते सांगेल. आणि गावातला एक जाणता माणूस बरोबर घ्याच, त्याच्या दिवसाची मजुरी द्या. कुंपणातून जायचं तर मालकाला आधी विचारा, नाही कुणी म्हणत नाही.

गवे आहेत. सकाळी अगदी अंधारात रानात शिरू नका, बोलत चला.

गुडघेवाली आजी

मुली, मी एकोणसत्तरची, दोन्ही गुडघे झिजलेले, तरी दर महिन्याला एक डोंगर करते. चढ गुडघ्याला सोसतो, उतार सोसत नाही. त्यामुळं बाबांना त्या वाटेनं उतरवायचंच नाही. खालून चढवा आणि भावाला गाडी घेऊन देवरवाडीमार्गे वर यायला सांगा. सगळा प्रश्न अर्धा होतो. महिपाळगडही मग गाडीनं होईल, गडावरच गाव आहे, रस्ता जातो.

वेळेचा हिशोब असा धरतात: सपाटीला तासाला पाच किलोमीटर आणि वर दर 600 मीटर चढाला एक तास जास्त. आपल्या वयाला त्याची दीडपट करा, बसण्याचा वेळ वेगळा. दोन्ही हातांत काठ्या द्या, एका काठीनं माणूस एका बाजूला झुकतो.

घरी आल्यावर गोचीड बघायला विसरू नका. काखेत, कानामागं, कमरेच्या पट्ट्याखाली. 2015 ला गोव्याच्या सत्तरीत आणि 2016 ला दोडामार्गात माकडताप आला होता, तो याच दिवसांत, डिसेंबर ते मेमध्ये, गोचिडांमार्फत पसरतो. पूर्ण बाह्या, पँट मोज्यांत खोचलेली, पाचोळ्यावर बसायचं नाही. आणि पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचं आवर्जून सांगायचं.

मूळ धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. या रविवारी परत जाऊन आलो. चंदगडचे दादा, तुमचा अंदाज तंतोतंत खरा निघाला. तिसऱ्या फाट्यावर सरळ कुंपणच होतं, काजूच्या पानांनी झाकलेलं, म्हणून गेल्या खेपेला दिसलंच नव्हतं. राकसकोपमध्ये शेण लावत बसलेल्या एका मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "जत्रेची वाट व्हय? माझं लग्न झालं तवा चालू होती." त्यांचा दीर आमच्याबरोबर आला. कुंपणाच्या कडेनं वर, मग डावीकडं सोंडेची धार, आणि तिथं खरंच नुकती काढलेली जाळरेषा, काळी, दोन बैलगाड्या शेजारी जातील एवढी रुंद. तिच्यावरून वर पठारापर्यंत पोचलो. वाटेत दोन जागी पाचोळा सारला आणि खाली ओळीनं बसवलेले दगड लागले. झिजून गुळगुळीत झालेत.

आंबाही दिसला. फोटो काढून आणला. बाबांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "हा नव्हे. हा त्याच्या खालचा. आमचा आंबा याच्यापासून हाकेच्या अंतरावर, वरच्या अंगाला, आणि त्याची एक फांदी जमिनीला टेकलेली."

जाळरेषा त्या जागेला वळसा घालून जाते, आत सगळी रानमोडी आहे. पुढच्या रविवारी मावशींच्या दिरांबरोबर कोयता घेऊन तेवढाच तुकडा मोकळा करायचा विचार आहे. रानमोडी तोडायला वनखात्याची परवानगी लागते का, आणि लागत असेल तर चंदगडच्या कार्यालयात विचारायचं की गावातल्या वनरक्षकाकडं, एवढं कुणी सांगाल का?