जुन्या यंत्रावर लिनक्स: तुमचं घोडं कुठे अडलं?

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला, म्हणजे सुरक्षेचे अपडेट बंद. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, ती आमच्या जुन्या डब्यात कुठून यायची? आरएनटी मार्गावर एका दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, ‘भिया, भंगार में दे दो.’ नाही दिलं. इंदुरात आपल्यापैकी बऱ्याच जणांनी विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकलीय असं कळतं. तेव्हा अनुभव लिहा, पण ‘टाकलं, मस्त चाललंय’ नको. कुठे अडलं आणि कसं सुटलं ते हवं. नाही सुटलं तरी लिहा.

माझंच आधी. २००९चा डेस्कटॉप, रॅम २ जीबी, त्यावर अँटीएक्स, जुन्या यंत्रांसाठीचं हलकं लिनक्स. इन्स्टॉल झालं निमूट. मग ब्राउझर प्रत्येक साइटला ‘सुरक्षित नाही’ म्हणू लागला आणि अपडेट करायला गेलं की ‘रिलीज फाइल अजून वैध नाही’. अजून? मग होणार कधी? पेनड्राइव्ह बदलला, दोनदा नव्याने टाकलं, सर्व्हरला शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी चहाचा कप ठेवता ठेवता आई म्हणाली, ‘अरे, याच्यात २००९ साल का दाखवतंय?’ मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल मेला होता. वीज गेली की यंत्र आपल्या जन्मसालात परत, आणि त्याच्या हिशेबाने साइटींची आजची सुरक्षा-प्रमाणपत्रं अजून निघायचीच होती. सेल बदलला, तारीख लावली, सुटलं. आता कुणीही विचारलं की मी आधी घड्याळ बघायला सांगतो. लोक हसतात.

*

सुदामा नगरातून. मी निवृत्त माणूस, लॅपटॉप मुलाचा जुना. मिंट या लिनक्सच्या इन्स्टॉलरला पेनड्राइव्ह दिसे, हार्ड डिस्क दिसेना. डिस्क गेली असं धरून मी नवीन आणायला निघालोच होतो. पुण्याहून भाच्याने फोनवर सांगितलं, ‘काका, बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, साटा मोड बघा, डिस्क कशी जोडायची ते तिथे ठरतं.’ तिथे ‘रेड’ (RAID) निवडलेलं होतं, ‘एएचसीआय’ (AHCI) हवं. मात्र विंडोजही ठेवायचं असेल तर थेट बदलू नका. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगा, मग मोड बदला, नाहीतर निळा पडदा येतो आणि विंडोज सुरूच होत नाही. मी थेट बदललं. पुढचं सांगत नाही.

*

रामबागेतून. वायफाय दिसेना. वायफायचा चालक (ड्रायव्हर) उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला चालक हवा! फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग केलं, म्हणजे फोनचं इंटरनेट यंत्राला दिलं, मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरने उरलेलं केलं. मला खरा घाम फोडला मंडळाच्या फायलींनी. दहा वर्षांच्या गणेशोत्सवाचा जमाखर्च कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये, उघडला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. फायली खराब नव्हत्या, फॉन्ट नव्हता. जुन्या यंत्रातून ती फॉन्टची फाइल आणून टाकली आणि वर्गणीदार जागेवर आले. नवं मात्र युनिकोडमध्येच लिहिते, इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिंटमध्ये आहेच.

*

छोटा नेटबुक, ३२ बिट, रॅम १ जीबी. नवं काही सुरूच होईना, प्रोसेसर ६४ बिटचा नाही म्हणून थांबे. डेबियन १२ हे लिनक्स चाललं. १३मध्ये ३२ बिटचा इन्स्टॉलरच नाही, तेव्हा फार स्वप्नं नकोत. यूट्यूब विसरा. आजी त्यावर अभंग ऐकते.

*

सियागंजात दुकान आहे. मी हरलो. हिशेबाचं विंडोजचं सॉफ्टवेअर वाइनमधून (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं साधन) उघडलं, पण बिल छापताना रोज अडायचं. गिऱ्हाईक समोर उभं असताना प्रयोग होत नाहीत, दोन आठवड्यांत परत विंडोज. पण लिनक्सचा पेनड्राइव्ह गल्ल्यात ठेवलाय. शटर पाडलं की तो लावून लिनक्स थेट त्यातूनच सुरू करतो आणि त्याच यंत्रावर सिनेमे बघतो, डिस्कला हात लावत नाही. याला इन्स्टॉल म्हणायचं का, ते तुम्हीच ठरवा.