पिंपात गवती चहाचं तेल टाकलं तरी अळ्या वळवळतायत, काय चुकतंय?

पिंपवाली_आई:
आमच्याकडे नळाला पाच-सहा दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे 200 लिटरची दोन पिंपं कायम भरलेली. गेल्या पावसाळ्यात लेकीला डेंग्यू होऊन गेला तेव्हापासून एक जरी अळी दिसली तरी पोटात गोळा येतो. आशाताई औषध टाकून जातात पण तेच पाणी प्यायचं म्हणून मला नको वाटतं, मग गवती चहाच्या तेलाने अळ्या मरतात असं वाचलं आणि प्रत्येक पिंपात चार-चार थेंब टाकले. आज तिसरा दिवस, टॉर्च मारला की सगळ्या तळाला पळतात आणि जरा वेळाने वर येऊन डोकं खाली करून लटकतात. तेल भेसळीचं असेल का? की लवंगेचं आणू?

कीटकवाला_एमएस्सी:
ताई तेल चांगलंच असेल, मात्रा कमी पडतेय. कॉलेजात आम्ही हाच प्रयोग करायचो, 100 मिली पाण्यात 25 अळ्या सोडायच्या आणि 24 तासांनी मेलेल्या मोजायच्या. गवती चहातलं सिट्रल, लवंगेतलं युजेनॉल, ओव्यातलं थायमॉल, या सगळ्यांनी अळ्या खरंच मरतात. पण तिथे तेल आधी नीट विरघळवून घेतलेलं असतं. समजा 50 पीपीएम, म्हणजे लिटरला 50 मिलिग्रॅम लागतं, तर 200 लिटरला 10 ग्रॅम तेल झालं, म्हणजे छोटी बाटली अख्खी, आणि तुमचे चार थेंब जेमतेम 1 पीपीएम. शिवाय तेल पाण्यात मिसळत नाही, वर तवंग धरतं आणि उडून जातं, आता पिंपाला वाससुद्धा येत नसेल बघा. अख्खी बाटली ओतलीत तर ते पाणी ना प्यायला राहील ना स्वयंपाकाला.

हौद_आणि_गप्पी:
आमच्या मोठ्या हौदात गप्पी मासे सोडलेत, अळी शोधून सापडत नाही. पण मासे असतील तिथे लवंगेचं तेल चुकूनही टाकू नका, माशांना भूल द्यायला तेच वापरतात, जास्त झालं की मरतात.

वाडीवरची_आशा:
ताई, मी घरोघर हेच बघत फिरते म्हणून कळकळीने सांगते. डेंग्यूचा एडिस डास अंडी पाण्यात नाही घालत, पाण्याच्या जरा वर पिंपाच्या ओल्या भिंतीला चिकटवतो. पिंप नुसतं उपडं केलं तर पाणी जातं, अंडी तिथेच राहतात, कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत असतात, पाणी चढलं की फुटतात. म्हणून आतून काथ्याने खसाखसा घासायचं, विशेषतः काठाखालचा पट्टा. आठवड्यातून एक दिवस ठरवूनच टाका कारण अंड्यापासून डास व्हायला उन्हाळ्या-पावसाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात. अळ्यांचं पाणी गटारात नको, कोरड्या मातीवर ओता. आणि आम्ही टाकतो ते औषध म्हणजे टेमेफॉस, पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे, तेवढ्यात घाबरायचं कारण नाही. पाण्यात स्वल्पविरामासारखे दिसतात ते कोष, म्हणजे अळीनंतरची आणि डास होण्याआधीची अवस्था, ते काही खातच नाहीत, म्हणून अळ्यांनी गिळलं तरच लागू पडणारं दुसरं जैविक औषध असतं ते त्यांच्यावर चालत नाही.

पिंपवाली_आई:
एक पिंप आत्ताच रिकामं केलं. काठाखाली चार बोटांवर काळ्या ठिपक्यांची रेघ होती, मोहरीपेक्षाही कितीतरी बारीक, मी वर्षभर ती काजळी समजत होते!! दोनदा घासलं. दुसऱ्यातलं पाणी परवा नळ येईपर्यंत पुरवायचंय, गाळून चालेल का?

वाडीवरची_आशा:
चालेल, सुती फडकं दुहेरी करून गाळा, प्यायचं ते उकळून घ्या. फडकं लगेच कडक उन्हात झटका. परवा भरायच्या आधी तेही पिंप घासा आणि दोन्हींच्या तोंडाला जुन्या धोतराचं कापड सुतळीने आवळून बांधा, फट राहू देऊ नका. लेक कशी आहे आता?

पिंपवाली_आई:
बरी आहे, शाळेत जाते. काथ्या घेऊन तीच मदतीला आली होती.