नेतृत्वगुण चित्रपट-कादंबऱ्यांतून शिकता येतात का?

सह्यपठार: माझी नुकतीच विभागप्रमुख म्हणून नेमणूक झाली असून हाताखालचे बरेच सहकारी वयाने आणि अनुभवाने माझ्यापेक्षा मोठे आहेत. प्रशिक्षणाची पुस्तके सूत्रे सांगतात. परंतु समोरचा ऐकतच नसेल तर पुढे काय करावे, हे त्यांत सापडत नाही. साहित्य आणि चित्रपट यांतून ते शिकता येईल का? सुरुवात कशापासून करावी?

वाचनवेडा: केवळ पदाच्या जोरावर माणसे वळत नाहीत, ही आपली अडचण दिसते. त्यासाठी सिडनी ल्युमेट यांचा १९५७ सालचा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ पाहावा. बासू चटर्जी यांचा ‘एक रुका हुआ फैसला’ हे त्याचेच हिंदी रूपांतर. त्यात खुनाच्या खटल्याचा निकाल एकमताने द्यायचा असलेल्या बारा ज्यूररपैकी (निकालासाठी निवडलेल्या सामान्य नागरिकांपैकी) अकरा जण पहिल्या मतदानात आरोपीला दोषी ठरवतात. आठव्या क्रमांकाचा ज्यूरर एकटाच विरोधात जातो. मात्र आरोपी निर्दोष असल्याचा दावा न करता, आपली खात्री पटलेली नाही, तेव्हा बोलू या, एवढेच तो म्हणतो. चर्चा अडते तेव्हा तो गुप्त मतदान सुचवतो, स्वतः मत देत नाही आणि अकराही जण ठाम राहिले तर आपणही त्यांच्याबरोबर जाऊ, असे कबूल करतो. त्यातून एक चिठ्ठी फुटते. स्वतःची बाजू पणाला लावल्यावाचून ती फुटली नसती, असे मला वाटते. (पुराव्यातल्यासारखाच चाकू तो परस्पर विकत आणतो, हे मात्र ज्यूररच्या मर्यादेत बसत नाही. नायकाचे सगळेच उचलू नये.)

निशिगंध: वरील मताशी मी अर्धाच सहमत आहे, कारण दर वेळी चर्चेला सवड मिळतेच असे नाही. जपानी दिग्दर्शक कुरोसावांच्या ‘सेव्हन सामुराई’त (१९५४) दरोडेखोरांपासून गावातली वीस घरे वाचवण्यासाठी पुलापलीकडची तीन घरे सोडून द्यावी लागणार, हे कळताच त्या घरांतले शेतकरी भाले टाकून निघतात. गावाच्या रक्षणासाठी आलेल्या सामुराई योद्ध्यांचा एरवी शांत असणारा म्होरक्या काम्बेई तेव्हा तलवार उपसून त्यांना रांगेत परत आणतो. नुकसान कोणाचे होणार हे तो लपवत नाही, आणि एकदा ठरल्यावर फाटाफूटही चालवून घेत नाही. या प्रसंगाआधी चित्रपट थांबवून आपण काय केले असते ते लिहून काढावे. शेवट ठाऊक झाल्यावर प्रत्येकालाच योग्य निर्णय सुचतो.

सह्यपठार: दोघांचेही आभार. मराठीत असे काही आहे का?

वाचनवेडा: जब्बार पटेल यांचा ‘सिंहासन’ (१९७९) अवश्य पाहावा आणि अरुण साधूंच्या ज्या दोन कादंबऱ्यांवर तो बेतला आहे, त्या ‘सिंहासन’ व ‘मुंबई दिनांक’ही वाचाव्यात. त्यातला मुख्यमंत्री प्रत्येकाची महत्त्वाकांक्षा ओळखून माणसे खेळवतो आणि खुर्ची राखतो. असे डावपेच आपण करावेत म्हणून नव्हे, तर आपल्यावर कोणी करू लागल्यास वेळीच ओळखता यावेत, म्हणून तो पाहायचा.