एअरसॉफ्ट: ०.२८ ग्रॅमच्या गोळ्या तीस मीटरवरच पडतात – मदत हवी आहे

रानडुक्कर:
रविवारी एअरसॉफ्टचा (प्लॅस्टिकच्या गोळ्या मारणाऱ्या बंदुकांचा खेळ) गेम आहे, लवकर सांगा. आजवर ०.२० ग्रॅमच्या गोळ्या वापरत होतो, पण वारा सुटला की गोळी कुठल्या कुठे जायची म्हणून ०.२८ घेतल्या. आता जेमतेम तीस मीटर जातात आणि पडतात. हॉप-अपचं (गोळीवर रबर दाबून तिला उलटी फिरकी देणारा भाग) चाक शेवटपर्यंत फिरवलंय. काय करू?

घाटमाथा:
बंदूक कोणती? एईजी (बॅटरीवर चालणारी) की गॅस? खेळता कुठे?

रानडुक्कर:
एम४, एईजी. इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ, जंगलातलं मैदान. क्रोनोला (वेग मोजायच्या यंत्रावर) सेकंदाला ३४० फूट येतं.

केंटकर:
३४० कुठल्या गोळीवर? ०.२० वर असेल तर साधारण १.०७ ज्यूल झाले. स्प्रिंग तीच, म्हणून ०.२८ चा वेग २८७ च्या आसपास येणार. गोळी जड, वेग कमी, तर उलटी फिरकी जास्त लागते.

आडदांड:
सरळ स्प्रिंग बदला, जास्त ताकदीची टाका. मी बदलली, प्रश्न मिटला.

केंटकर:
चुकीचा सल्ला देऊ नका! २०१७ च्या कायद्याने इथे ब्रिटनमध्ये फुल-ऑटोला (घोडा दाबून धरला की सलग गोळ्या मारणाऱ्या बंदुकीला) १.३ ज्यूलची मर्यादा आहे. त्यावर गेली की कायद्याच्या लेखी ती एअरसॉफ्ट राहत नाही.

जुना_पापी:
०.२८ हवीच कशाला? ०.३० घ्या. आणि जंगलात बायो (कुजून जाणाऱ्या) गोळ्याच चालतात ना? डबा उघडा ठेवू नका, दमट हवेत खराब होतात.

घाटमाथा:
हॉप पूर्ण लावूनही पडते म्हणजे रबर पकडत नाहीये. बॅरलमध्ये (नळीत) तेल घातलंय का?

रानडुक्कर:
दुकानदाराने सिलिकॉन स्प्रे दिला होता, तो मारलाय.

घाटमाथा:
तेच कारण. रबर बुळबुळीत झालं की फिरकी बसतच नाही. मॅगझिन काढा, हॉप शून्यावर आणा, सळईला कापड गुंडाळून आयसोप्रोपिल अल्कोहोलने आतून पुसा. मग शून्यापासून थोडं थोडं फिरवत पाच-पाच गोळ्या मारा. गोळी सपाट जाऊन शेवटी किंचित उचलली पाहिजे. मध्येच वर उसळली तर हॉप जास्त झालाय. आणि गेम संपला की हॉप सैल करून ठेवा, नाहीतर रबर दबून राहतं.

पुणेरी_पाहुणा:
अवांतर: सुट्टीत अशी बंदूक भारतात आणता येते का?

केंटकर:
कस्टम्सला आधी लेखी विचारा. वेगळा धागा काढा.

रानडुक्कर:
पुसलं. चाक अर्ध्यावर आहे, पन्नासला सहज पोचते! पण आता डावीकडे वळते.

घाटमाथा:
रबर तिरकं बसलं असेल. हॉप युनिट काढून बॅरलमधून उजेडाकडे बघा. रबराचा उंचवटा बरोबर वर, मध्यावर दिसतोय का?